तेरच्या पांढरीवर: मार्गशीर्षातली भटकंती

तेर म्हटलं की संत गोरा कुंभार आठवतात आणि ते रास्तच आहे. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी हे गाव 'तगर' या नावाने समुद्रापारच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तिकेत त्याची नोंद आहे. गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणच्या पुढे पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीक आणि तगरहून साधं कापड, मलमल असा माल आडवाटांनी गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा. हे तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर. शेवटी १९०१ मध्ये जॉन फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं आणि आज तेच सर्वमान्य आहे.

माझी मावशी धाराशिवला असते. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, तिने बोलावलं होतं. लातूर-धाराशिवकडे या सणाला 'येळवस' म्हणतात आणि त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जाऊन जेवतात. सणाला जोडून तेर नीट, सावकाश बघायचं ठरवून निघाले.

पहिला दिवस: येडशीचा घाट आणि धाराशिवची लेणी

पुण्याहून बार्शीमार्गे गेलं की येडशीच्या अलीकडे बालाघाटाच्या डोंगररांगा लागतात. रामलिंगचं अभयारण्य इथेच. मार्गशीर्षात झाडी अजून हिरवी असते, ओढ्यांना थोडं पाणी असतं. मराठवाडा म्हणजे नुसतं ओसाड माळरान, असं मनात धरून येणाऱ्यांनी ह्या घाटातून दिवसाउजेडी एकदा यावं.

दुपारी पोचले. मावसभाऊ, म्हणजे दादा, गाडी काढूनच बसला होता. "लेणी आजच उरकून घेऊ, उद्यापास्नं तेर," म्हणाला. धाराशिव लेणी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत आहेत. तेरच्या आधी ती बघावीत असं मलाही वाटत होतं, कारण ह्या लेण्यांचा आणि तेरचा जुना संबंध आहे. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतल्या काव्यात करकंड राजा तेरापूरला येतो, तिथल्या डोंगरात त्याला एक पुरातन लेणं आणि पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. मूर्तीवरची एक गाठ फोडायला जातात तर आतून पाण्याचा लोंढा येतो आणि लेणं पाण्याने भरतं, अशी ती कथा. काव्यातलं तेरापूर म्हणजे तेर आणि लेणी म्हणजे हीच, असं अभ्यासक मानतात.

दुसऱ्या क्रमांकाचं लेणं सगळ्यात मोठं. खांबांचा प्रशस्त मंडप, कडेने भिक्षूंच्या खोल्या, मागच्या गाभाऱ्यात पद्मासनातली मूर्ती. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात पाहणी केली तेव्हा ही लेणी जैन मानली. पुढच्या संशोधकांनी मांडलं की मुळात ती बौद्ध असावीत आणि नंतर जैनांकडे आली. मंडपाची मांडणी अजिंठ्याच्या विहारांसारखीच आहे, हे तिथे उभं राहिल्यावर सहज लक्षात येतं. दगड मात्र अजिंठ्याइतका चांगला नाही. खांब झिजलेत, काही ठिकाणी छत ढासळलंय. आत ओल जाणवत होती, तेव्हा करकंडाच्या कथेतलं पाणी कवीला कुठून सुचलं असेल याचा अंदाज आला.

तासाभरात अंधारायला लागलं म्हणून निघालो. घरी मावशीने येसर आमटी आणि ज्वारीची गरम भाकरी केली होती. येळवशीची तयारी दोन दिवस आधीपासून सुरू होते, त्यामुळे तिचं स्वयंपाकघर शेंगा सोलणाऱ्या शेजारणींनी भरलेलं होतं.

दुसरा दिवस: लामतुरे संग्रहालय, त्रिविक्रम, उत्तरेश्वर

धाराशिवहून तेर साधारण २० किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवायला आलेली, मधूनच तुरीचे पट्टे, हरभरा. तेरणा नदीच्या काठाशी आलं की गाव चढावर वसलेलं दिसतं. हा चढ डोंगराचा नाही. दोन हजार वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यावर नवी उभी राहिली आणि जमीन वर वर येत गेली. जुन्या वस्तीच्या अशा जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात. तेरचं आजचं गाव ह्या पांढरीवरच आहे आणि गावाच्या आसपास तिच्याच टेकड्या आहेत.

आधी रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय बघितलं. उद्या सणाची सुट्टी, म्हणून आजच. एखाद्या गावातल्या संग्रहालयात २३ हजारांहून जास्त पुराणवस्तू असतील हे ऐकून खरं वाटत नाही. त्याहून मोलाचं हे, की हा संग्रह मुळात एका गावकऱ्याने उभा केला. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. गावात खणताना, नांगरताना, पावसात माती वाहून गेल्यावर जे जे वर यायचं ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं, जपलं आणि पुढे हा संग्रह सरकारच्या हाती आला. पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलेली माणसं इथे खणायला यायच्या आधीपासून हा माणूस ते सांभाळत होता.

वस्तू इतक्या वर का यायच्या, ते दादाच्या ओळखीच्या एका वयस्क काकांनी सांगितलं. तेरमध्ये पूर्वी सगळी घरं माळवदाची. लाकडी सरे, त्यावर फळ्या किंवा चिपाड, आणि वर मातीचा जाड थर. ह्या थराला पांढरी मातीच लागते, कारण ती पाणी झिरपू देत नाही. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची आणि ती आणायची पांढरीच्या टेकाडावरून. "आमच्या डोक्यावर सगळी तगरचीच माती हुती की," काका म्हणाले. माती खणताना मणी निघायचे, नाणी निघायची, मातीच्या बाहुल्या निघायच्या. लोक त्या मुलांना खेळायला द्यायचे किंवा लामतुऱ्यांकडे नेऊन द्यायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाची भीती बसली आणि घरांवर पत्रे, स्लॅब आले. माळवदं गेली तशी टेकाडावरून माती आणायची गरजही कमी झाली.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती मातीच्या मूर्तींपाशी. सातवाहन काळातल्या ह्या मूर्ती केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या बारीक मातीच्या आहेत. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी घडवायची आणि मग दोन्ही जोडायच्या, अशी त्यांची रीत. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ आणि हलकी होते. काही मूर्तींच्या कडेला हा जोड अजून दिसतो. कारागिराने तो ओल्या बोटाने किंवा काडीने घासून मिटवलाय, पण कानामागे, खांद्याजवळ, जिथे बोट नीट पोचत नाही तिथे रेघ राहिलीय. चेहरे गोल, केशरचना भरगच्च, कानात जड कुंडलं. एका बाईच्या कपाळावरचा दागिना इतका बारीक आहे की तो साच्यात कोरणाऱ्याकडे काय हत्यार असेल, याचाच विचार करत राहिले. लज्जागौरीही आहे. मस्तकाच्या जागी कमळ असलेली, प्रसवाच्या आसनातली ही देवी दख्खनमध्ये बऱ्याच ठिकाणी सापडते आणि तिच्या जुन्या मृण्मूर्तींत तेरचं नाव घेतलं जातं.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती हे ह्या संग्रहालयाचं भूषण. हाताच्या पंजात मावेल एवढी, अंगभर दागिने ल्यालेली. इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या उत्खननात १९३८ मध्ये अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई गाडलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिकडे पोचली होती. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती तेरला मिळाल्यामुळे, आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच शैलीतलं काम मिळाल्यामुळे, ती दख्खनमध्येच घडली असावी असं अनेक अभ्यासक म्हणतात. पॉम्पेईच्या मूर्तीची छायाचित्रं जगभरच्या पुस्तकांत आहेत. तेरची मूर्ती बघायला आम्ही दोघं आणि एक शाळकरी मुलगा एवढेच होतो. ह्याचं मला मनापासून वाईट वाटलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेची सहल इथे एकदा तरी यावी.

शेजारच्या कपाटांत रोमन धाटणीचे दिवे, शंखाच्या बांगड्या, अकीक-कार्नेलियनचे मणी, सातवाहनांची नाणी. रोमन नाण्यांवरून ठसा घेऊन केलेली मातीची पदकंही आहेत, वर दोरा ओवायला भोक असलेली. सोन्याचं परदेशी नाणं गळ्यात घालणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी मातीचं घातलं. व्यापाराच्या मोठमोठ्या गोष्टींपेक्षा मला हे पदक जास्त काही सांगून गेलं, कारण तगरच्या बाजारातली साधी माणसं त्यात दिसतात.

तगरचा दबदबा पुढेही कितीतरी शतकं टिकला. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तेरपासून लांब राज्य करत असूनही आपल्या लेखांत स्वतःला अभिमानाने 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. आपलं मूळ तगरचं, हे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता.

संग्रहालयातली एक वस्तू डोळ्यांत साठवून मग देवळांकडे जावं. ती म्हणजे उत्तरेश्वर मंदिराची लाकडी चौकट. हजार वर्षांहून जुनं कोरीव लाकूड महाराष्ट्राच्या हवेत, वाळवी-पावसात टिकणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. पट्टीवर पट्टी अशी नक्षी, मधे मूर्ती. लेण्यांच्या दगडी दारांवर आपण जी रचना बघतो ती मुळात सुतारांची, आणि इथे ती खुद्द लाकडातच समोर उभी असते.

त्रिविक्रम मंदिर वस्तीच्या मधोमध आहे. गल्लीतून वळलं की आधी पुढचा सपाट छताचा मंडप दिसतो आणि कुणालाही वाटेल, गावातलं नेहमीचं जुनं देऊळ. बाजूने फिरून मागे गेल्यावर खरी इमारत कळते. मागची भिंत अर्धगोल वळते आणि वरचं छप्पर बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखं लांबट फुगीर आहे. कार्ले-भाज्यात डोंगराच्या आत कोरलेलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, आपण आतून बघतो. तेच चैत्यगृह इथे विटांनी बांधलंय आणि त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालता येते. हे मुळातलं बौद्ध चैत्यगृह, पुढे वैष्णव मंदिर झालं. वय साधारण दीड हजार वर्षं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी त्याची पाहणी करून वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा अभ्यासकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. असं उभं, छपरासकट शाबूत असलेलं दुसरं उदाहरण म्हणून आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर सांगतात. बाकी बौद्ध काळातली विटांची चैत्यगृहं उत्खननात पायाच्या रेघांपुरतीच उरलीत.

दर्शनी भागावर, मंडपाच्या छताच्या वर, घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान दिसते. ती नीट बघायची तर समोरच्या घराच्या ओट्यावरून. घरातल्या आजींनी "या की, वर या, तितनं दिसतंय," म्हणून बोलावलं, पाणी दिलं. मी एकटक बघतेय म्हटल्यावर त्याही बघायला लागल्या. "आमी रोज बघताव, तवा दिसत न्हाई. तुमी आलाव की दिसतंय," म्हणाल्या.

आत गाभाऱ्यात त्रिविक्रमाची, म्हणजे वामनावतारातल्या विष्णूची, उंच दगडी मूर्ती. एक पाय जमिनीवर, दुसरा थेट वर उचललेला. पूजा रोजची आहे, फुलं ताजी होती. मला वाटतं, हे देऊळ वाचलं ते ह्यामुळेच. चैत्यातली उपासना थांबल्यावर इमारत रिकामी राहिली असती तर एव्हाना तिच्या विटा घराघरांत गेल्या असत्या. देव बदलला, पण दिवा लागत राहिला, गिलावा होत राहिला, छप्पर गळलं की कुणीतरी चढून बुजवत राहिलं.

गिलावा निघालेल्या एका जागी विटा उघड्या पडल्या होत्या. आजच्या विटेपेक्षा रुंद आणि चपट्या. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक विटेत बारीक बारीक लांबट पोकळ्या. मातीत तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते, त्या ह्या खुणा. एका पोकळीत साळीच्या टरफलावरच्या शिरा उमटलेल्यासुद्धा दिसल्या. अशी वीट वजनाला हलकी होते. इथली वीट पाण्यावर तरंगते, असं गावात जो तो सांगतो.

उत्तरेश्वर मंदिर लहान आहे, पण वीटकाम बघायचं तर तिथेच. विटा साच्यातून काढून आणि कोरून भिंतीवर कंगोरे, छोटे खांब, कमानी केल्यात. काही भागांची डागडुजी झालीय, त्यामुळे जुनं काम कुठे संपतं ते शोधावं लागतं. ऊन कलल्यावर, भिंतीवर तिरपी सावली पडते तेव्हा नक्षी उठून दिसते, म्हणून इथे चारनंतर जावं.

संध्याकाळी बाजारात मातीच्या बिंदग्यांचा ढीग लागला होता. येळवशीला आंबील मातीच्या भांड्यातच नेतात, त्यामुळे कुंभारांचा हा मोठा धंद्याचा दिवस. एका कुंभारवाड्यात गेलो. चाक आता विजेवर फिरतं, पण मडकं वाढवायचं काम हातानेच. चाकावरून उतरवलेलं जाड बुडाचं मडकं थोडं सुकू देतात. मग आतून डाव्या हाताने दगडी गोळा धरायचा, बाहेरून उजव्या हाताने लाकडी थापटणं मारायचं आणि मडकं हळूहळू फिरवत राहायचं. प्रत्येक थापेला भिंत पातळ होते, पोट फुगतं. जाडी डोळ्यांनी दिसत नाही, ती आवाजावरून ओळखायची. माझ्यासमोर त्या कुंभारांनी एक मडकं थापटता थापटता मधेच बाजूला ठेवलं. मला काहीच फरक कळला नव्हता. "बसका आवाज यायलाय. आत चीर हाय," म्हणाले आणि ओली माती परत मळायला टाकली.

गोरोबाकाकांची ती प्रसिद्ध कथा मला तिथे बसल्यावर खऱ्या अर्थाने कळली. संतांचा मेळा जमला असताना मुक्ताबाईने विचारलं, ह्यातली कोणती मडकी भाजली आहेत आणि कोणती कच्ची? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत राहिले, नामदेव रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेव मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू मिळाला. लहानपणापासून मी ही गोष्ट अहंकाराची म्हणून ऐकत आलेय. कुंभारवाड्यात ती कामाची गोष्ट वाटली. ज्याचे कान रोज शेकडो थापा ऐकतात त्याला कच्चं-पक्कं लगेच कळतंच.

तिसरा दिवस: गोरोबाकाका, कोट टेकडी आणि येळवस

सकाळी लवकर गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. मंदिर तेरणेच्या काठी आहे. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मधली चैत्र वद्य त्रयोदशी ही काकांची समाधीची तिथी. त्या दिवसांत इथे मोठी यात्रा भरते. एरवी पहाटे काकड्याला गावातली म्हातारी मंडळी असतात. भजनात दंग होऊन माती तुडवताना पायाखाली मूल आलं ती कथा भिंतीवर रंगवलेली आहे. एक आजोबा नातवाला चित्रं दाखवत होते. नातवाने विचारलं, "मग ते बाळ उठलं का?" आजोबा म्हणाले, "उठलं तर. विठ्ठलानं उठवलं." मगच तो पुढच्या चित्राकडे गेला.

शेजारीच काळेश्वराचं जुनं देऊळ आहे. तेही विटांचंच. समाधीच्या दर्शनाला येणारे बरेच जण तिकडे वळत नाहीत. वळावं. कुंभार संताच्या समाधीला लागून पक्क्या विटांचं शिखर असावं, ह्यात मला फार गोडी वाटली.

नऊच्या पुढे गाव रिकामं व्हायला लागलं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकली, डोक्यावर शालीने झाकलेली आंबिलीची बिंदगी घेतलेल्या बाया. दादाच्या मित्राचं शेत कोट टेकडीच्या बाजूला होतं, म्हणून आधी टेकडीवर गेलो. कोट आणि बैराग ह्या तेरच्या पुरातत्त्वातल्या नावाजलेल्या टेकड्या. १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी तेरला उत्खनन केलं, त्यानंतरही वेगवेगळ्या संस्थांनी वेळोवेळी केलं. विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, सातवाहन काळातली घरं, विहिरी, भांडी, मणी यांचे थर मिळाले.

टेकडीच्या एका बाजूला पावसाने कापलेला उभा काठ आहे. तिथे हे थर उघड्या डोळ्यांनी दिसतात. खाली पिवळसर माती, वर राखेचा करडा पट्टा, त्यात कोळशाचे कण, मग खापरांचा गच्च थर, एका बाजूने सलग चार-पाच विटा, वर परत माती. पायाखाली सगळीकडे खापरं. लाल, काळी, काही आतून काळी नि बाहेरून लाल. एका खापरावर आतल्या बाजूने बोटांच्या वर्तुळाकार रेघा होत्या. काल संध्याकाळी कुंभारवाड्यात ओल्या मडक्यात बघितल्या होत्या, हुबेहूब तशाच. बघितलं आणि होतं तिथेच ठेवलं. टेकडीवर येणाऱ्या प्रत्येकाने हे पाळायला हवं. खापर कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलंय, त्यावरून त्याचा अर्थ लागतो. पिशवीत घालून घरी आणलेलं खापर मुकं होतं. आणि टेकडीच्या कडा आजही खणलेल्या दिसतात, ते थांबायला हवं. माळवदासाठी पाटीभर माती नेणाऱ्या पिढीचा राग येत नाही, त्यांची ती गरज होती. आता यंत्र लावलं तर दोन हजार वर्षांचे थर एका सकाळी जातील.

शेतात पोचलो तेव्हा कडब्याची कोप उभी राहिली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, पुढे नैवेद्य. घरातले कर्ते गृहस्थ ताकातल्या आंबिलीचं भांडं घेऊन पिकात शिंपडत निघाले, मागून पोरं "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत. मग जेवण. तुरीचे-वालाचे दाणे, हरभरा, कांद्याची पात, चिंच, बेसन आणि हाताला येईल ती भाजी घालून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली गार आंबील. स्टीलच्या पेल्यात ओतूनसुद्धा आंबिलीला मातीचा वास होता. मित्राची आई पंगतीत वाकून वाढत होती. "घे माय, आजून एक उंडा घे. वर्सातनं एकदाच असतंय," म्हणत तिने मला उठूच दिलं नाही.

जेवण झाल्यावर मी विचारलं, नांगरताना ह्या शेतात काही सापडतं का. दादाचा मित्र म्हणाला, पहिल्या पावसानंतर मणी दिसतात, बांगड्यांचे तुकडे तर पुष्कळ. मग काय करता? "आज्यानं लावलेली सवय हाय. डबीत ठेवायचं आन् तेरला गेलं की म्युझियममधी द्यायचं." त्याने कोपीतून मोबाइल आणून मागच्या वर्षी दिलेल्या एका लाल मण्याचा फोटो दाखवला. तळहातावर ठेवून काढलेला, शेजारी मापासाठी ज्वारीचा दाणा.

तेरला जायचं तर धाराशिवला मुक्काम करणं सोयीचं. रेल्वे आहे, सोलापूर-लातूरहून एसटी भरपूर, आणि धाराशिवहून तेरला दिवसभर गाड्या असतात. एका दिवसात सगळं उरकायचा अट्टहास करू नये. संग्रहालयालाच निम्मा दिवस द्यावा. मला चैत्रातली यात्रा आणि बैराग टेकडी बघायची आहे. मावशीने त्या सुमारास येण्याचं आत्ताच कबूल करून घेतलंय, आणि दादाने सांगितलंय की त्या वेळी संग्रहालयात त्याच्या शाळेची पोरंही घेऊन येईल.